दाखल-खारीज



दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झालेले असतात आणि संक्रांतीच्या तिळाला अजून अवकाश असतो, असा जो दीड-दोन महिन्यांचा काळ, तो अलीकडे आपल्याकडे एका नव्याच उत्सवाचा हंगाम होऊन बसला आहे. लग्नपत्रिकांच्या जोडीने आणखी एक निमंत्रण घरोघर येऊ लागले आहे. अमुक शाळेची अमुक सालची तुकडी इतक्या वर्षांनंतर एकत्र येत आहे, तरी आपण अगत्यपूर्वक उपस्थित राहावे, असा त्याचा मजकूर असतो. निमंत्रण देणारे आणि घेणारे दोघेही साठी उलटलेले. नोकरीतून निवृत्त झालेले, मुलाबाळांची लग्ने आटोपलेली, गुडघे थोडेसे कुरकुरू लागलेले. या वयात मनुष्याला तीर्थयात्रा सुचावी असा पूर्वीचा संकेत होता. आता त्याला शाळा सुचते.

पूर्वी एखादा वर्गमित्र हरवला म्हणजे हरवलाच. एखाद्या लग्नात किंवा रेल्वेच्या फलाटावर अवचित गाठ पडली तर पडली. आता खिशातल्या दूरध्वनीवर एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला ओढून आणावे आणि महिनाभरात निम्मा वर्ग गोळा व्हावा, इतके हे काम सोपे झाले आहे. आमच्या वर्गाचाही असा एक गट आहे. पहाट होताच त्यावर फुले, सुविचार आणि देवादिकांची चित्रे यांचा जो वर्षाव सुरू होतो त्याविषयी मी काही बोलणार नाही; तो अनुभव आपणा सर्वांचा आहे. पण १ जुलैचा दिवस मात्र सांगण्यासारखा असतो. आमच्याकडे शाळेचे वर्ष १ जुलैला सुरू होई. मुलाचा हात धरून आलेल्या बापाला गुरुजी जन्मतारीख विचारीत. बाप सांगे, पोळ्याच्या आधीचा आहे, त्या वर्षी कापूस बरा झाला होता. गुरुजी बोटांवर वर्षे मोजीत आणि तारखेच्या रकान्यात १ जुलै लिहून मोकळे होत. परिणाम असा की दर वर्षी त्या दिवशी आमच्यातील निम्मी मंडळी एकमेकांचे अभीष्टचिंतन करण्यात गर्क असतात, आणि आपला खरा वाढदिवस कोणता हे सांगणारे माणूस त्यांतील बहुतेकांच्या घरी आता उरलेले नाही.

जुन्या सहाध्यायांनी पुन्हा भेटणे ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आली असे कोणी म्हणतात. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत तिची प्रथा जुनी आहे हे खरे. परंतु आपल्या परंपरेतही दोन वर्गमित्रांच्या भेटी प्रसिद्ध आहेत आणि त्या दोन्ही लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक कृष्ण-सुदाम्याची. भागवताच्या दशम स्कंधात ती आली आहे. द्वारकेचा स्वामी आपल्या दरिद्री मित्राशी बोलतो ते वैभवाविषयी नव्हे. सांदीपनींच्या आश्रमात असताना गुरुपत्नीने लाकडे आणावयास धाडले, रानात वादळ-पाऊस झाला आणि आपण रात्रभर एकमेकांचा हात धरून भटकलो, ही आठवण तो काढतो. दुसरी भेट द्रोण आणि द्रुपद यांची, महाभारताच्या आदिपर्वातली. तेथे राजा झालेला द्रुपद आपल्या सहाध्यायाला सांगतो की सख्य बरोबरीच्यांतच होते. पुढे त्या एका वाक्याचे किती रक्त सांडले ते आपण जाणताच. पहिल्या भेटीचे गोडवे आपण नित्य गातो. तथापि एक गोष्ट मात्र आपल्या नजरेतून निसटते: कृष्णानेही बोलावणे धाडले नव्हते. सुदामा स्वतः पायी गेला, तोही पत्नीने आग्रह केला म्हणून.

मी ज्या मेळाव्याविषयी बोलणार आहे तो बोरगावास झाला, २०२३ च्या डिसेंबरात. हे बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे, सौंसर तहसिलीतले. सातपुड्याच्या पायथ्याची ही भूमी. कपाशीची शेते आणि संत्र्यांच्या बागा. अलीकडे तेथे मोठे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आहे. रेमंडचा कापडाचा कारखाना १९९१ साली आला. परंतु आमच्या लहानपणी कारखाना हा शब्द आम्हांला परासियाच्या कोळशाच्या खाणींवरून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडीच ऐकू येई. आम्ही आसपासच्या खेड्यांतील मुले तहसिलीच्या गावी शाळेत जात असू. कोणी पायी, कोणी सायकलने, आणि ज्याचे गाव रुळाजवळ असेल तो अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या त्या चिमुकल्या आगगाडीने. धावणाऱ्या असे मी सवयीने म्हणतो. चढावर गाडीतून उतरून पुन्हा चढता येई, असे सांगणारे आमच्यात अनेक आहेत. ती गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. आता तेथे रुंद रूळ आले आहेत.

आमची तुकडी १९७३ ची. त्या वेळी आमच्या राज्यात अकरावी ही शाळेची अखेरची पायरी होती. म्हणजे आम्ही बहुतेक १९५६ च्या आगेमागे जन्मलेले. कागदोपत्री तर, वर सांगितल्याप्रमाणे, १ जुलै १९५६ लाच. त्या दिवशी आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे चार महिन्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आम्ही, पाळण्यात होतो तेथेच, भोपाळ राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात राहिलो. सावनेरला आत्या, काटोलला मामा, नरखेडला मावशी, आणि आपण मात्र दुसऱ्या राज्यात, अशी आमची घरे. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आमच्यातील एक जण म्हणाला, की गाव न सोडता मनुष्याने किती पत्ते बदलावे याला काही मर्यादा आहे की नाही!

ही सीमारेषा आमच्या वर्गाच्या मधून गेली. अकरावीनंतर कोणी नागपूर विद्यापीठाची वाट धरली, कोणी सागरची. नागपूरकडे गेलेल्यांची मराठी ग्रांथिक झाली. भोपाळ-जबलपूरकडे नोकरीला लागलेल्यांना पत्र लिहावयाचे तर आता हिंदीच सुचते. घरात मराठी, कचेरीत हिंदी, आणि रागावल्यावर पुन्हा मराठी. मेळाव्याचे निमंत्रण कोणत्या भाषेत काढावे यावर गटात आठ दिवस चर्चा झाली. लिपी सुदैवाने एकच असल्यामुळे वाचता सर्वांना येणार होते. पण दोन्ही भाषांत दिसणारे एकच शब्द आम्हां सीमेवरच्यांना फार सांभाळून वापरावे लागतात. ‘शिक्षा’ या शब्दाचे पाहा. हिंदीत तो ज्ञानदान करतो, मराठीत छड्या मारतो. लहानपणी घरी मराठी बोलणाऱ्या आम्हांला शाळेच्या तपासणीस ‘शिक्षा विभाग’ येतो आहे हे ऐकून जी धडकी भरे, ती काही अगदीच अनाठायी नव्हती. शेवटी निमंत्रणात एक बाजू मराठी, एक बाजू हिंदी, असा तह झाला. मला तो आवडला. ज्याने त्याने आपल्या बाजूकडून वाचावे.

भाषेचा प्रश्न सुटला. त्याहून अवघड प्रश्न कोणाच्या ध्यानी आला नव्हता: बोलवायचे कोणाला?

प्रश्न वेडगळ वाटेल. वर्गमित्रांचा मेळावा, तेव्हा वर्गमित्रांना बोलवायचे. यादी करण्याचे साधनही हाताशी होते. अकरावीच्या निरोपसमारंभाच्या दिवशी घेतलेले छायाचित्र एकाने जपून ठेवले होते. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर गुरुजन, मागे बाकांवर उभी मुले, एका बाजूस संकोचून बसलेल्या तीन-चार मुली. त्यावरून नावे लिहिण्यास आरंभ झाला आणि नवल असे की, पन्नास वर्षांनंतरही चेहरे भराभर ओळखू आले. या नवलाला शास्त्राचा आधार आहे. हॅरी बाहरिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह १९७५ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शाळा सोडून काही महिन्यांपासून पन्नास वर्षांपर्यंतचा काळ लोटलेल्या ३९२ माणसांना त्यांनी आपापल्या वर्गाच्या वार्षिकातील छायाचित्रे, अपरिचितांच्या छायाचित्रांत मिसळून, दाखविली. तीस-पस्तीस वर्षे उलटलेल्यांनीही दहांतले नऊ चेहरे बरोबर ओळखले. परंतु समोर काहीही न ठेवता, वर्गातील नावे आठवून लिहा, असे सांगितले तेव्हा हीच माणसे फार मागे पडली. स्मृती जाते असे नाही. तिला हाक मारणारे काहीतरी समोर असावे लागते.

आता याची दुसरी बाजू पाहा. छायाचित्रात जो आहे त्याची आठवण जागी होते, त्याचे नाव यादीत येते, तो मेळाव्याला येतो, त्याचे नवे छायाचित्र निघते आणि पुढच्या वर्षी तो अधिकच लक्षात राहतो. छायाचित्रात जो नाही त्याला हाक मारणारे काही उरतच नाही. आणि छायाचित्रात कोण नव्हते? सहावीत जी मुले आमच्याबरोबर टाटपट्टीवर बसली त्यांतील जवळजवळ निम्मी. कोणी आठवीनंतर गेले, कोणी सातवीच्या मध्यावर. कापूस वेचणीला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. शिक्षणाच्या क्षेत्रात याला गळती म्हणतात. १९२९ सालच्या हारटोग समितीने या रोगाचे निदान केले, १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही त्यावर पाने खर्ची घातली. हा गळती शब्द मला कधीच रुचला नाही. छप्पर गळते तेव्हा दोष कोणी पाण्याला देत नाही. येथे मात्र जो गळला तोच कमी पडला असे सर्वांच्या मनात बसते. १९७१ च्या जनगणनेत देशात शंभरांतील सुमारे ३४ माणसे आणि स्त्रियांत तर सुमारे २२ च साक्षर होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे अकरावीच्या छायाचित्रात उभे राहणे हे त्या काळी गुणांपेक्षा नशिबाचे काम अधिक होते हे कळून येईल. ज्याच्या बापाकडे दुसरा हात होता तो शिकला.

आमच्यात एक निवृत्त शिक्षिका आहेत. छायाचित्रातील त्या तीन-चार मुलींपैकी त्या एक. त्यांनीच हा प्रश्न काढला. त्या म्हणाल्या, “वर्ग म्हणजे निकालपत्रक नव्हे. वर्ग म्हणजे हजेरी. आपण दाखल-खारीज पाहू या.”

दाखल-खारीज हे शाळेतील सर्वांत जाड पुस्तक. मुलगा शाळेत आला की त्यात दाखल होतो आणि गेला की खारीज. क्रमांक, नाव, बापाचे नाव व धंदा, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शेवटी एक अरुंद रकाना: कारण. मुख्याध्यापकांनी सौजन्याने परवानगी दिली आणि आम्ही तिघे-चौघे त्यांच्या कचेरीत दोन दुपारी ती पाने उतरवीत बसलो. शाई फिकी झालेली, कडा कुरतडलेल्या. बहुतेकांच्या कारणाच्या रकान्यात त्या वेळच्या लिपिकाने हिंदीत दोनच शब्द लिहिलेले: ‘निरंतर अनुपस्थित’. एका मुलीच्या नावापुढे ‘विवाह’. तिचे वय तेव्हा, १ जुलैच्या हिशेबाने, चौदा भरत होते. एकापुढे काहीच नाही, नुसती रेघ. न्यायालयात दावा खारीज होतो तेव्हा निदान बाजू ऐकून घेतलेली असते.

नावे मोठ्याने वाचली जाऊ लागली आणि मग बाहरिकसाहेबांचा सिद्धान्त त्या कचेरीतच सिद्ध झाला. पन्नास वर्षांत ज्यांची याद कोणाला झाली नव्हती ती मुले नाव उच्चारताच दारातून आत यावीत तशी आली. हा तो, जो बोरे आणायचा. हा तो, ज्याची पाटी सर्वांत मोठी. ही ती, जिला अख्खे पाढे उलटे म्हणता यायचे.

यादी दुप्पट होऊ लागली तशा शंकाही निघाल्या. त्या शंका काढणारे लोक वाईट नव्हते, हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. एक म्हणाला, त्यांना आपल्यात आल्यावर अवघडल्यासारखे होईल. दुसऱ्याने वर्गणीचा मुद्दा काढला. माणशी ठरलेली रक्कम त्यांच्यापैकी काहींना जड जाईल आणि माफ केली तर अपमान वाटेल. अवघडण्याविषयीची पहिली शंका मला कोठेही ऐकली तरी खरी वाटत नाही. ज्याच्या नावाने ती काढली जाते त्याला कोणी विचारलेले नसते. अवघडतो तो बहुधा बोलावणारा. द्रुपदाचीही अडचण तीच असावी. वर्गणीची शंका मात्र खरी होती, आणि ती त्या शिक्षिकाबाईंनीच सोडविली. वर्गणी ठेवायचीच नाही. ज्याच्या घरी जे पिकते ते त्याने आणावे. ज्यांच्या घरी काहीच पिकत नाही, म्हणजे आम्ही पेन्शनवाले, त्यांनी तेल, साखर, चहा आणि भाड्याची भांडी पाहावी.

पुरुष सापडणे फार कठीण गेले नाही. सौंसरच्या बाजारात दोन आठवडे चौकशी केली तेव्हा निम्म्यांचा ठाव लागला. स्त्रियांचे मात्र तसे नाही. शाळेच्या पुस्तकात जे नाव आहे ते बापाचे. लग्नात आडनाव बदलते हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलीचे पहिले नावही बदलले जाई. तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की शाळेतील मुलगी संपली. मग तिला शोधायचे कोणत्या नावाने? तिच्या माहेरी जावे, भावाला विचारावे. भाऊ नसेल तर भाच्याला. एका घरी भाच्याला आत्याचे शाळेतले नावच ठाऊक नव्हते. म्हातारी काकू आतून म्हणाली, “आमच्या बेबीले विचारता का?” तीच ती. अशा रीतीने सात जणींचा शोध लागला आणि त्यांतील चौघी आल्या. एकीला तिचा नातू मोटारसायकलवर घेऊन आला आणि दिवसभर बागेच्या कुंपणाशी, आजीला ही माणसे अरे-तुरे करताहेत हे पाहत उभा राहिला.

मेळावा एका मित्राच्या संत्र्याच्या बागेत भरला. आंबिया बहाराची तोड जवळजवळ संपली होती. झाडांवर चुकार फळे राहिलेली. वांग्याचे भरीत, ज्वारीच्या भाकरी, सांभारवडी, गोळाभात. भाषणे ठेवली नव्हती, हा एक मोठाच सुज्ञपणा. त्याऐवजी हजेरी ठेवली होती. आम्हांला गणित शिकविणारे सर आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. खुर्चीवर बसून, उतरवून काढलेली ती यादी हाती धरून, सरांनी सहावीच्या क्रमाने नावे वाचली. नागपूरकडचे ‘हजर’ म्हणत, भोपाळकडचे ‘उपस्थित’. कोणी तरी विचारले, सर, नेमके काय म्हणायचे? सर म्हणाले, “काहीही म्हण. आवाज आला पाहिजे.” जे हयात नाहीत त्यांची नावेही त्यांनी तशीच वाचली, क्षणभर थांबले आणि पुढे गेले. एकाने उठून अशा एका मित्राविषयी चार शब्द बोलण्याची परवानगी मागितली. सरांनी हातानेच बसविले. म्हणाले, पट मोठा आहे.

त्या चौघींपैकी एक, जिच्या नावापुढे ‘विवाह’ लिहिले होते ती, नरखेडकडे दिलेली. हजेरीत तिचे शाळेतले नाव वाचले गेले तेव्हा ती उभी राहिली, पण तोंडातून शब्द येईना. नंतर तिने सांगितले, की आईबाप गेले, थोरला भाऊ गेला, तेव्हापासून या नावाने मला कोणी हाक मारली नाही. मलाच क्षणभर वाटले, ही कोण? पुढे मात्र ती अशी मोकळी झाली की सर्वांत अधिक तीच बोलली. कोण कोणाशेजारी बसे, कोणत्या खिडकीचे दार मोडके होते, कोणत्या दिवशी कोणाचा डबा कुत्र्याने पळविला, सगळे तिला पाठ. आम्हां अकरावीवाल्यांच्या मनात शाळेवर महाविद्यालय, त्यावर नोकरी, त्यावर बदल्या, असे थरावर थर चढत गेले. तिची शाळा आठवीलाच थांबली आणि जशी होती तशी राहिली. तिने ती पन्नास वर्षे पुन्हा पुन्हा पाहिली असली पाहिजे. आमच्यापैकी ज्याला शाळेचा कंटाळा होता त्याला हे ऐकून काय वाटले असेल, ते त्याचे तोच जाणे.

आमच्यात बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मितभाषी, आणि मेळाव्यातही थोडे दूर बसलेले. तिने त्यांना ओळखले आणि सहज विचारले, “तुझी आई तुले शाळेत दशमी घेऊन यायची नाही का? फाटकाच्या आत नाही यायची. बाहेरूनच हाक मारायची. हिरवं लुगडं.” ते गृहस्थ सहावीत असतानाच त्यांची आई वारली. घरात तिचे छायाचित्र नाही. त्या काळी बाईमाणसाचे छायाचित्र काढायचे कोणी? भावंडांत हे सर्वांत मोठे, त्यामुळे त्यांच्याहून अधिक सांगणारे कोणी नाही. त्यांनी तिला पुन्हा विचारले, हाक कशी मारायची? तिने ती मारून दाखविली. लांबट, शेवटचे अक्षर वर नेणारी. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून तिच्या जवळ जाऊन बसले आणि भोजनाची पंगत उठली तरी दोघे बोलतच होते.

या गृहस्थांनी ५० वर्षे आपल्या अकरावीच्या मित्रांशी संबंध राखला होता. त्या मित्रांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते, कारण सहावीत त्यांच्या आजूबाजूला बसणारी मुले छायाचित्रापर्यंत पोचलीच नव्हती. आपले बालपण आपल्याला पुरते ठाऊक असते हा एक भ्रम आहे. त्याचे तुकडे इतरांपाशी ठेवीसारखे पडून असतात, आणि ते इतर कोण, हे आपण निवडलेले नसते. निकालपत्रकावरून यादी करणारा मनुष्य ती ठेव आपण होऊन सोडून देतो.

सगळेच असे गोड झाले असे मात्र समजू नये. जे आले त्यांतील एक-दोघे मुकाट्याने जेवून लवकर गेले. आणि एक जण आलाच नाही. सातवीच्या मध्यावर शाळा सोडलेला. बापाच्या जागी सालदार म्हणून राहिला, मग मजुरी, मग ठेक्याने संत्र्याचा बगीचा घेऊन विकू लागला. आज त्याची परिस्थिती बरी आहे, नातू नागपुरास शिकतो. आमच्यापैकी दोघे निमंत्रण घेऊन त्याच्या घरी गेले. त्याने खाट टाकली, चहा केला, निमंत्रण दोन्ही बाजूंनी वाचले. मग विचारले, “मले सांगा, मी कोण्या इयत्तेत बसू? सातवीत, का तुमच्यासंगं अकरावीत?” गेलेल्यांना उत्तर सुचले नाही. तो पुढे म्हणाला, “दर साली बाजारात माझ्याकडून संत्री घेता. भाव करता. मी तुमाले ओळखतो, नावानिशी. तवा काहून नाही आठवलं?” आवाजात राग नव्हता असे ते दोघे सांगतात. निघताना त्याने पिशवीभर संत्री दिली आणि पैसे घेतले नाहीत. ती संत्री मेळाव्यात आली, सर्वांनी खाल्ली, गोड होती असेही म्हणाले. मला ती घेणे बरे वाटले नाही. ज्याने पंगतीला नकार दिला त्याचे फळ पंगतीत वाटले की नकार ऐकून घेण्याची जबाबदारी आपोआप टळते.

त्याचा प्रश्न खरा आहे आणि एका दुपारच्या भरीत-भाकरीने तो सुटणारा नाही. बोलावणे पन्नास वर्षे उशिरा गेले आणि तेही आम्हांला निवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून. त्याच्या जागी दुसरा कोणी आला असता. तो आला नाही, हा त्याचा अधिकार. सुदामा द्वारकेला गेला नसता तर कृष्ण त्याच्या खोपटाशी गेला असता का, हा प्रश्न भागवतकारांनी विचारलेला नाही, पण बोरगावच्या रस्त्यावर तो विचारावा लागतो.

त्या शिक्षिकाबाईंनी आता दाखल-खारीजची उरलेली पाने उतरविण्याचे काम हाती घेतले आहे. आमच्या पुढच्या आणि मागच्या दोन-दोन तुकड्यांची नावे त्यांत आहेत; त्या तुकड्यांच्या मंडळींनाही ती हवी आहेत. पाने हात लावताच तुटतात, म्हणून काम हळू चालते. आमचा पुढचा मेळावा संत्र्याची तोड आटोपल्यावर, त्याच बागेत घ्यावयाचा ठरला आहे. सर येणार म्हणाले आहेत. बेबीबाई, म्हणजे जिला तिच्या माहेरच्या काकूने त्या नावाने ओळखले ती, आपल्या आणखी एका मैत्रिणीचा पत्ता घेऊन येणार आहे. आणि सातवीत शाळा सोडलेल्या त्या मित्राकडे पुन्हा जावयाचे आहे. या वेळी हातात निमंत्रण न्यावयाचे नाही एवढे ठरले. काय न्यावे आणि कोणी जावे, हे अजून ठरलेले नाही.